इंग्रजी शब्दाची शेपटी

(हातखंबा येथे झालेल्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू पिकलं, ते मी ऐकलं. "आता या वयात इंग्रजी? आधी गुडघे तर धड चालू देत." खरं आहे तुमचं. मी तुम्हाला इंग्रजी बोलायला शिकवणार नाही. आपल्या वाडीत इंग्रजी बोलायचं तरी कुणाशी? मी बोलणार आहे ते तुमच्या सहीबद्दल, पासबुकाबद्दल आणि मोबाईलवर येणाऱ्या दोन-दोन ओळींच्या मेसेजबद्दल. तिथे इंग्रजी आधीच ठाण मांडून बसलंय, आपल्याला न विचारता. आणि जिथे आपला पैसा आणि आपली सही असते, तिथला शब्द आपल्याला कळलाच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला इंग्रजी येत नाही. मागच्या सभेत तुम्ही बोलत होतात तेव्हा मी कोपऱ्यात बसून वहीत लिहीत होते. कुणी म्हणालं, "त्यांचा फोन स्विच ऑफ येतोय." कुणी म्हणालं, "वायरमन सांगतो, ब्रेकडाउन आहे, लाइट संध्याकाळी येईल." "पोरीचं कॉलेजचं कट ऑफला अडलंय." "सासूबाईंना चेकअपला न्यायचंय." "कर्जाच्या फाईलचा फॉलोअप घ्या हो ताई." आणि बँकेत पैसे भरायला जाता तेव्हा काय मागता? पे-इन स्लिप. हे सगळे शब्द एकाच जातीचे आहेत. एक क्रियापद, आणि त्याला मागून लावलेला छोटासा शब्द. ऑफ, डाउन, अप, इन, आउट, बॅक. इंग्रजीच्या पुस्तकात याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. आपण साधं म्हणू, शेपटीवालं क्रियापद. शिकलेल्या माणसांनाही इंग्रजीतला सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो, आणि तुम्ही तो रोज वापरता.

परक्या शब्दांची आपल्याला लाज वाटायचं तर मुळीच कारण नाही. कोकणी माणसाने किती भाषांतले शब्द पचवलेत बघा. पाव, बटाटा, कोबी, बादली, चावी, पगार हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. आपल्या बागेतला काजू, तोही नावासकट तिकडूनच आला. आणि ज्याच्यावर रत्नागिरीचं नाव जगभर गेलं तो हापूस? अल्फान्सो या पोर्तुगीज नावाचं आपल्या जिभेने केलेलं रूप. कुठल्या आजीने व्याकरणाचं पुस्तक वाचून हा शब्द घेतला? कामात आला, तोंडात बसला, आपला झाला. शब्द शिकायची रीत हीच. आजही तीच चालेल.

आता शेपटीकडे येऊ. इंग्रजी शब्द पाठ करताना घोळ होतो तो असा. आपण 'गिव्ह' म्हणजे देणे असं पाठ करतो. मग समोर 'गिव्ह अप' येतं आणि आपण समजतो, काहीतरी देतायत. प्रत्यक्षात 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हक्क सोडणे. 'गिव्ह बॅक' म्हणजे परत देणे. 'गिव्ह अवे' म्हणजे फुकट देऊन टाकणे. 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणे. क्रियापद एकच, पण शेपटी बदलली की देणाऱ्याचा घेणारा होतो.

हे विचित्र वाटतं का? मग आपलं मराठी बघा. 'ती बोलली' हे साधं. 'ती बोलून गेली' म्हणजे तोंडातून निसटलं. 'बोलून टाकलं' म्हणजे मनात होतं ते एकदाचं बाहेर काढलं. 'बोलून दाखवलं' म्हणजे ऐकवलं, टोमणा होता त्यात. आणि 'बोलून बसली' म्हणजे आता पस्तावतेय! यात बोलणं एकच आहे, पण जाणं, टाकणं, दाखवणं, बसणं यांनी सगळा अर्थ फिरवला. 'बसली' म्हणजे खाली बसली असं आपण कुणी समजत नाही. एखाद्या परदेशी बाईला हे शिकवायचं म्हटलं तर तिची किती तारांबळ उडेल, विचार करा. आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी सुनेने कुठलं 'बोलून दाखवलं' आणि कुठलं 'बोलून गेली' हे आपल्याला अर्ध्या क्षणात कळतं. तोच कान इंग्रजीला लावायचा आहे. शब्द ऐकला की आधी शेपटी बघायची.

'गिव्ह अप'चंच उदाहरण सांगते, कारण त्यात आपल्या घरातला गॅस आहे. २०१५ साली केंद्र सरकारची 'गिव्ह इट अप' नावाची मोहीम आली होती. ज्यांना परवडतं त्यांनी गॅसची सबसिडी आपणहून सोडावी, असं आवाहन होतं. त्या वेळी फोनवरून सिलिंडर बुक करताना चुकून बटण दाबलं गेलं आणि सबसिडी सोडल्याची नोंद झाली, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. विचार करा, फोनवर बाई बोलतेय, आपण घाईत आहोत, चुलीवर भात उतू जातोय, आणि दोन शब्दांच्या त्या 'गिव्ह अप'वर आपण हो म्हणून मोकळ्या. मोहिमेत वाईट काही नव्हतं. ज्यांनी समजून सोडली त्यांचं कौतुकच आहे. पण न समजता सोडणं म्हणजे सोडणं नव्हे, ते हरवणं झालं.

आता पाच-सहा शेपट्या सांगते. फळ्यावर मी देवनागरीतच लिहिलंय, वहीत तसंच उतरवून घ्या.

'इन' म्हणजे आत. पे इन, खात्यात पैसे आत भरणे. लॉग इन, आपल्या खात्याच्या दारातून आत जाणे. 'आउट' म्हणजे बाहेर. लॉग आउट, बाहेर येऊन दार ओढून घेणे. मोबाईलच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडलं आणि काम झाल्यावर आपण नुसत्या उठून आलो, तर ते दार सताड उघडं राहिलं. घरातून निघताना आपण कडी दोनदा ओढून बघतो ना? तसं तिथल्या मुलाला म्हणायचं, "बाळा, लॉग आउट कर, माझ्यासमोर कर." एवढं म्हटलंत तरी त्याला कळतं की काकूंना समजतंय.

'बॅक' म्हणजे परत. पे बॅक, कर्ज परत करणे. कॉल बॅक, परत फोन करणे. कॅशबॅक, खर्च केलेल्यातलं थोडं परत मिळणे. याच्यावर थोड्या वेळाने येते, कारण या शब्दाने फसवणूक चालते.

'ऑफ' म्हणजे सुटणे, तुटणे, बंद होणे. स्विच ऑफ तुम्हाला ठाऊकच आहे. कपड्यांच्या दुकानावर 'ऑफ' लिहिलेलं असतं, ती सूट. पे ऑफ म्हणजे कर्ज पुरतं फेडून मोकळं होणे. 'पे बॅक'मध्ये हप्ता चालू असू शकतो, 'पे ऑफ'मध्ये कर्ज संपलं. आणि एक शब्द आहे राइट ऑफ. तो मी मुद्दाम बाजूला ठेवलाय.

'अप' हा मात्र खट्याळ शब्द आहे. म्हणायला वर, पण कधी पुरतं भरणे, कधी नवीन सुरू करणे, कधी सोडून देणे. टॉप अप, वरून भर घालणे. सेट अप, मांडणी करणे. साइन इन म्हणजे असलेल्या खात्यात जाणे, पण साइन अप म्हणजे नव्याने नाव नोंदवणे, एखाद्या गोष्टीला कबूल होणे. मोबाईलवर झटपट कर्ज देणारी ॲप असतात, त्यांच्यावर 'साइन अप' दाबलंत की तुमची माहिती त्यांच्याकडे गेली. तिथे इन आणि अप यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

'ओव्हर'साठी आपल्याला लांब जायला नको. आपल्या हातखंब्याच्या वळणावर टँकर उलटतो तेव्हा इंग्रजी पेपरात लिहितात, 'टर्न'ला 'ओव्हर' लावून. म्हणजे उलटला. तोच शब्द जोडून लिहिला की टर्नओव्हर. आणि तो आपल्या फॉर्मवर असतो! उद्योगाची नोंदणी करा, खाद्यपदार्थाचा परवाना काढा, कर्जाचा प्रस्ताव करा, सगळीकडे 'ॲन्युअल टर्नओव्हर' विचारतात. टर्नओव्हर म्हणजे वर्षभरात झालेली एकूण विक्री. नफा नव्हे. आमपोळी, आगळ, फणसाचे तळलेले गरे असं सगळं मिळून वर्षात दोन लाखांची विक्री झाली आणि खर्च वजा जाता हातात साठ हजार उरले, तर टर्नओव्हर दोन लाख आणि नफा साठ हजार. आपल्या बायका प्रामाणिक. त्या हातात उरलेलाच आकडा सांगतात. मग कर्ज कमी मंजूर होतं आणि आपण म्हणतो, साहेबांनी कापलं. काही वेळा साहेबांनी कापलेलं नसतं, रकान्यानेच कापलेलं असतं.

आता राइट ऑफ. राइट म्हणजे लिहिणे, राइट ऑफ म्हणजे बँकेने आपल्या हिशोबाच्या पुस्तकातून ते थकलेलं कर्ज वेगळं काढणे. टीव्हीवर बातमी येते, अमुक हजार कोटींची कर्जं राइट ऑफ केली, आणि आपल्याकडे चर्चा सुरू होते, "त्यांची माफ केली, मग आमचं का भरायचं?" बायांनो, राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. ती बँकेच्या हिशोबातली सोय आहे. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, वसुली चालू राहू शकते. आणि त्याच्या नावापुढे कर्जाच्या नोंदीत तो शेरा लागतो. माफीसाठी वेगळा शब्द आहे, वेव्हर. ही कर्जाची नोंद म्हणजे आपण ज्याला सिबिल म्हणतो ती. त्यात आणखी दोन शब्द असतात, क्लोज्ड आणि सेटल्ड. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, मिटलं एकदाचं असं. पण क्लोज्ड म्हणजे पूर्ण फेडून बंद झालं. सेटल्ड म्हणजे ठरलेल्यापेक्षा कमी रकमेत तडजोड करून मिटवलं. पुढच्या वेळी कर्ज मागायला गेलात की सेटल्ड बघून बँक कपाळाला आठ्या घालते. वसुलीवाला दारात उभा राहून म्हणतो, "इतके भरा, सेटल करून टाकू." अडचणच तशी असेल तर कधी तेही करावं लागतं, मी नाही म्हणत नाही. पण शब्द कळून करा.

तसंच टॉप अप कर्ज. जुनं कर्ज अर्धं फिटलंय, तेवढ्यात फोन येतो, "मॅडम, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, टॉप अप घेता का?" मॅडम म्हटलं की आपल्याला बरं वाटतं! टॉप अप म्हणजे बक्षीस नव्हे. जुन्या कर्जावर नवं कर्ज. रिचार्जचं टॉप अप आपण पैसे देऊन घेतो, कर्जाचं टॉप अपही शेवटी आपणच भरणार. हप्ता किती वाढेल, महिने किती वाढतील, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

बँकेच्या मेसेजमधले दोन शब्द तर देवाच्या नावासारखे पाठ हवेत. क्रेडिटेड, पैसे आले. डेबिटेड, पैसे गेले. मे महिन्याच्या शेवटाला कित्येकींच्या पासबुकात ४३६ आणि २० रुपये डेबिट झालेले दिसतात आणि मला फोन येतो, "ताई, बँकेने पैसे खाल्ले." खाल्लेले नसतात. ४३६ रुपये हे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे आणि २० रुपये सुरक्षा विमा योजनेचे. तुम्ही कधीतरी फॉर्मवर सही केली होती, त्यात 'ऑटो डेबिट' असा शब्द होता. म्हणजे दरवर्षी खात्यातून आपोआप कापून घ्यायची परवानगी. दोन्ही योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे. पहिलीत कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख, दुसरीत अपघाताने मृत्यू झाला तर दोन लाख. घरात असं दुःख झालं आणि वारसालाच ठाऊक नाही की विमा होता, तर ते वीस रुपये पाण्यात गेले. म्हणून तो डेबिटेडचा मेसेज नुसता पुसून टाकू नका. घरात एकाला तरी सांगून ठेवा. आणि मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, तेही बघा. नसेल तर विमा चालू राहत नाही.

आता कॅशबॅक. आंब्याच्या दिवसांत आपल्यातल्या कितीतरी जणी फोनवरून पेट्यांची ऑर्डर घेतात. अनोळखी माणूस फोन करतो. बोलणं एकदम गोड. "दहा पेट्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो. तुम्हाला एक कोड पाठवलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." कधी म्हणतो कॅशबॅक लागलाय, कधी म्हणतो रिफंड आहे. अशा वेळी तो काय बोलतो हे ऐकायचं नाही, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायचं. 'पे' लिहिलं असेल तर पैसे तुमच्याकडून जाणार. 'रिसीव्ह्ड' किंवा 'क्रेडिटेड' असेल तर आले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे तुमची सही, आणि ती पैसे देतानाच करायची असते. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशाची मागणी पाठवायची जी सोय होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. पण कोड आणि लिंक पाठवून फसवणं चालूच आहे. कुणाचे पैसे गेलेच तर रडत बसू नका आणि घरचे ओरडतील म्हणून लपवूही नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. भिंतीवर कालनिर्णय असतं ना, त्याच्यावर पेनने लिहून ठेवा, १९३०.

ज्या बाया माल विकतात त्यांच्यासाठी लेबलाचं थोडंसं. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' असे दोन शब्द येतात. बेस्ट बिफोर म्हणजे या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. यूज बाय किंवा एक्स्पायरी म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. आपल्या देशाच्या लेबलच्या नियमांत तयार केल्याची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी किंवा यूज बाय ही तारीख सक्तीची आहे. बेस्ट बिफोर हवं तर जादा छापायचं, त्याच्या बदल्यात नव्हे. छपाईवाल्याकडे जुना नमुना असतो, तो तोच डकवून देतो. लेबल छापायला टाकण्याआधी एकदा नजर घाला. आणि हो, सगळ्याचं इंग्रजी करायची हौस नको. कोकमाचं कोकमच राहू द्या. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते 'कोकम' याच नावाने. एकीने आगळाच्या बाटलीवर कसलंतरी लांबलचक इंग्रजी नाव छापलं होतं, मलाच ते दोनदा वाचावं लागलं! गिऱ्हाईक आगळ मागतं, त्याला आगळच दिसलं पाहिजे.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायचीय. आपण इंग्रजी शब्द शिकतोय, याचा अर्थ बँकेची आणि कंपनीची जबाबदारी संपली असा नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज देताना त्याची मुख्य माहिती, म्हणजे व्याज किती, एकूण खर्च किती, हप्ते किती, हे एका पत्रकावर लिहून द्यायचं, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या वैयक्तिक कर्जांना आणि लहान उद्योगांच्या मुदत कर्जांना हे लागू आहे. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर २०२२ पासूनच कर्जदाराला समजेल अशा भाषेतलं कर्ज कार्ड द्यायचं बंधन आहे. त्याच नियमात असंही आहे की मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावायचा नाही, आणि कर्जासोबत विमा वगैरे गळ्यात मारायचा नाही, तुमची पूर्ण संमती हवी. म्हणून इंग्रजी कागद समोर आला की पहिलं वाक्य मराठीत, "साहेब, मराठीतला कागद द्या." ते म्हणतील, संपलाय. मग म्हणायचं, "ठीक आहे, मी उद्या येते." उद्या या शब्दाला सगळे घाबरतात, कारण त्यांचं टार्गेट आजचं असतं.

घरात हसतात, हेही मला माहीत आहे. नातू म्हणतो, "आजी, 'पासवर्ड' म्हण, 'पासवड' नाय." हसू दे. रमाबाई रानड्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८७३ साली लग्न होऊन त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, आणि वाचता-लिहिता येत नव्हतं. नवऱ्याने शिकवायला घेतलं, पुढे इंग्रजीही. घरातल्या बायकांनी टोमणे मारले, अबोला धरला. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय, ते १९१० साली छापून आलं. ज्या घरात हे सोसलं त्याच घरात राहून त्या शिकल्या आणि नंतर पुण्याच्या सेवासदनाचं काम उभं केलं. त्या काळी त्यांच्या मागे नवरा होता, हे खरं. आपल्यामागे दहा-दहा बायकांचा गट आहे. मला विचाराल तर दहा बायका जास्त भारी.

आता करायचं काय ते सांगते आणि बसते. शिकवणी लावायची नाही, तीस दिवसांत इंग्रजीचं पुस्तक आणायचं नाही. ती पुस्तकं 'माय नेम इज'पासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, लेखे झाले, की दहा मिनिटं काढायची. प्रत्येकीने त्या आठवड्यात अडलेला एक शब्द आणायचा. मेसेजमधला, पावतीवरचा, औषधाच्या पाकिटावरचा, महामार्गाच्या पाटीवरचा, कुठलाही. वहीत तीन गोष्टी लिहायच्या. शब्द देवनागरीत, तो कुठे दिसला, आणि तिथे त्याचा अर्थ काय. 'कुठे दिसला' हे महत्त्वाचं, कारण शेपटीवाले शब्द जागेवरच कळतात. 'ब्रेकडाउन' विजेच्या खांबावर वेगळा आणि एसटीत वेगळा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडाने सांगायचं, सचिव लिहील. बारावी झालेली सून किंवा लेक घरात असेल तर तिला एखाद्या दिवशी बैठकीला घेऊन या. तिलाही बरं वाटेल, कारण तिचं शिकलेलं घरात कुणी विचारत नाही. मात्र मेसेज वाचायला फोन तिच्या हातात दिलात तरी पिन तुम्हीच टाकायची. तो लेकीलाही सांगायचा नाही, सुनेलाही नाही, आणि नवऱ्याला... बरं, ते तुमचं तुम्ही बघा!

पुढच्या महिन्यात येताना प्रत्येक गटाने एक कागद आणायचा, घरात पडून असलेला, सही केलेला पण कुणीही न वाचलेला. कर्जाचा असेल, विम्याचा असेल, मोबाईलच्या हप्त्याचा असेल. खातं नंबर आणि आधार नंबर दिसत असेल तर त्यावर कागद चिकटवून आणा. आपण तो इथे सगळ्यांसमोर ओळीने वाचू. चष्मे विसरू नका.